सूचनाबाईंचं होम थिएटर

बसस्थानकावर त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. खोक्याएवढ्या खोलीत बसून दिवसभर ‘प्रवाशांसाठी सूचना’ असं म्हणत गाड्या पुकारायच्या, म्हणून त्या सूचनाबाई. कंडक्टरापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना याच नावानं हाक मारत. पाठीमागे मात्र काही टवाळ त्यांना ‘भोंगा’ म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर आलेलं होतं.

बाईंचा आवाज मुळात गोड होता. पण फलाटावरच्या लोखंडी कर्ण्यातून तो बाहेर पडला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा लागायचा. एकदा एक प्रवासी चौकशीसाठी खिडकीशी आला, दोन शब्द बोलला आणि चकितच झाला. म्हणाला, “बाई, बोलता तर किती छान! मग तिथे फलाटावर एवढ्या खेकसता कशाला?” बाईंनी त्याला गाडीची वेळ सांगितली आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

कर्णे बदला, म्हणून त्या वर्षानुवर्षं साहेबांच्या मागे लागल्या. चार साहेब आले नि गेले, कर्णे तेच राहिले. शेवटी बदलले, पण बाईंना तिथून उठवल्यावर. संगणकात भरलेला आवाज आला, त्याच्या दिमतीला नवेकोरे स्पीकर आले आणि बाईंची रवानगी हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली.

“माझ्यासाठी इतकी वर्षं तरतूद नव्हती आणि त्या डबड्यासाठी लगेच झाली?” बाईंनी साहेबांना विचारलं.

“धोरण आहे, बाई. मनाला लावून घेऊ नका.”

बाईंनी ते मनाला नव्हे, डोक्याला लावून घेतलं. तेव्हापासून राग नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला तो बसलाच. छत्र्या, जेवणाचे डबे आणि जोडीदार हरवलेले बूट यांच्या मधोमध बसून त्या दिवसभर तो नवा आवाज ऐकत. आवाज स्वच्छ होता, त्याबद्दल वादच नाही. पण गावांच्या नावांची पार खांडोळी करायचा. बाई एकट्याच बसून त्याला दुरुस्त करायच्या, मोठ्यानं. डबा शोधत आलेली माणसं बिचकून दारातच थांबायची.

असंच एकदा कामावरून परतताना त्या इस्त्रीची वायर बदलून घ्यायला दुकानात शिरल्या. आतल्या खोलीत कुणा गिऱ्हाइकाला होम थिएटर लावून दाखवत होते. पडद्यावर काय चाललं होतं ते बाईंना दिसतसुद्धा नव्हतं. फक्त एका बाईचा आवाज आला. ती कुणाला तरी हळूच सांगत होती, “दार लोटून घे, बाळ झोपलंय.” बाई हातात इस्त्री घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. ती बाई जणू त्यांच्या शेजारी उभं राहून बोलली होती. कुजबुजली तरी एकेक अक्षर सुटं होतं. बोलण्याआधी तिनं जरासा आवंढा गिळला होता, तोसुद्धा कळला.

त्याच आठवड्यात बाईंनी तसाच संच विकत घेतला. आपल्या पगारातून साठवलेल्या पैशांतून, आणि कुणालाही न विचारता. पुढचे तीन स्पीकर, मागचे दोन, सगळ्यांना जोडणारा रिसीव्हर आणि खर्जासाठी गुडघ्याएवढा एक वूफर. खोकी घरी आली तेव्हा यजमान दारातच उभे होते.

“हे काय?”

“माझं आहे.”

“ते दिसतंय गं. पण ठेवायचं कुठे?”

प्रश्न बरोबर होता. बाईंनाही तो खोकी आत आल्यावरच कळला, कारण त्या खोलीकडे त्यांनी कित्येक वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. बैठकीची खोली तशी लहानशीच होती आणि तीत जे काही होतं ते सगळं दादांचं. दादा म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ. ते प्रशस्त नव्या घरात राहायला गेले, तिथे सगळं फर्निचर नवं केलं आणि जुनं इथे आणून टाकलं. “तूर्त राहू दे तुमच्याकडे,” म्हणाले. तेव्हा बाईंची मुलगी शाळेत जायची. आता ती नोकरीला लागून दुसऱ्या गावी राहत होती आणि दादांचं ‘तूर्त’ अजून चालूच होतं.

सात माणसं बसतील असा कोरीव पायांचा सोफा. बसायला माणसं दोन, तीही सोफ्याची गादी मळेल म्हणून कडेला. आणि समोरची अख्खी भिंत अडवून बसलेली शोकेस. काचेची दारं, मधे टीव्हीसाठी चौकोनी कोनाडा, तोही जुन्या ढेरपोट्या टीव्हीच्या मापाचा. नवा सपाट टीव्ही त्यात तिरका करून घुसवलेला, त्यामुळे बातम्या सांगणारा माणूस कायम स्वयंपाकघराकडे बघत बोलायचा. बाकीच्या कप्प्यांत दादांनी कचेरीच्या स्पर्धांत जिंकलेल्या ढाली, चषक, बंद पडलेलं घड्याळ आणि जाऊबाईंची एक काचेची बाहुली. दर आठवड्याला हे सगळं फडक्यानं पुसायचं काम मात्र बाईंचं.

दुकानातून जोडणीला फिटर आला. हसतमुख, अघळपघळ माणूस. त्यानं खोलीभर टेप फिरवला आणि डोकं खाजवलं.

“सामान चांगलंय, बाई. खोलीच गैरसोयीची आहे.”

“खोलीला काही धाड भरलेली नाही. आतलं सामान काढलं तर खोली चांगलीच आहे.”

“मग काढा की.”

यजमान घाईघाईनं मधे पडले. “नाही नाही, काढायचं काही नाही. आहे त्यात बसव तू. थोडं इकडे तिकडे चालेल.”

फिटरनं आधीच कानावर घातलं. मधला स्पीकर म्हणजे माणसांचं बोलणं. तो कप्प्यात आत ढकलला तर बोलणं गुदमरणार. रिसीव्हर तापतो, त्याच्या डोक्यावर मोकळी हवा पाहिजे, काचेच्या दाराआड कोंडला तर आतल्या आत भाजून निघेल. वूफर कपाटात ठेवला तर कपाटच वाजायला लागेल. यजमानांनी सगळ्याला “बरोबर, बरोबर” म्हटलं आणि तरी “आहे त्यात बसव” हे काही सोडलं नाही.

मग फिटरनं आहे त्यात बसवलं. मधला स्पीकर ढालींच्या मागे गेला. डावा शोकेसच्या टपावर चढला, छताला टेकला. उजव्याला कुठेच थारा मिळेना, तो शेवटी खिडकीत पडद्याआड उभा राहिला. मागचे दोन सोफ्याच्या पाठीमागे जमिनीवर, म्हणजे बसणाऱ्याच्या कमरेशी. रिसीव्हर चषकांच्या कप्प्यात, दार अर्धवट उघडं. वूफर सोफा नि भिंत यांच्या फटीत.

“लावू?” फिटरनं बाईंकडे न बघताच विचारलं.

त्यानं लावलं. पडद्यावर दोघं जण बोलत होते, पण आवाज येत होता कपाटात कोंडलेल्या माणसांचा. मधेच ढगांचा गडगडाट झाला आणि त्याबरोबर शोकेसच्या सगळ्या काचा थरथरायला लागल्या, चषक किणकिणले, एक ढाल तोंडावर आपटली. आणि त्या सगळ्या खडखडाटातून ऐकू येणारा माणसाचा आवाज कसा होता? तर फलाटावरच्या कर्ण्यातून यायचा तसा. अगदी तसाच.

“बंद करा,” बाई म्हणाल्या.

“थोडं कमी करून बघू या का?” यजमान म्हणाले.

“बंद करा म्हटलं ना!”

फिटरनं बंद केलं, चहाचा कप तसाच ठेवला आणि “खोली मोकळी झाली की बोलवा” म्हणून काढता पाय घेतला.

त्यानंतर बाईंनी भुणभुण सुरू केली. शोकेस तरी हलवा, नाहीतर सोफा तरी. यजमानांचं उत्तर ठरलेलं: दादाला काय वाटेल? सकाळी चहाबरोबर तेच, जेवताना तेच. हा माणूस ऑफिसात वरच्या साहेबाशीही वाद घालायचा. फक्त दादांचं नाव निघालं की त्याच्या घशात घास अडकायचा.

“विचारू तरी या त्यांना,” शेवटी बाई म्हणाल्या. “माणूस आहेत ते, काही वाघ नाहीत.”

रविवारी दादा आणि जाऊबाई आले. दादा स्वतःच्या सोफ्यावर मधोमध बसले, हात पसरून. जाऊबाई कडेला टेकल्या. दादांनी शोकेसकडे बघितलं, पडलेली ढाल उठून सरळ केली, टपावरचा स्पीकर बघून हसले.

“हे काय गं, खुराडं केलंस का घराचं?”

“भाऊजी, त्याचसाठी बोलावलं तुम्हाला. हे फर्निचर आता तुमच्याकडे नेता येईल का? मला जागा हवी आहे.”

“या खेळण्यासाठी?” दादा खरंच चकित झाले होते. “अगं, उंची सामान आहे हे. अशी वस्तू आता मिळत नाही. तुमच्या खोलीला त्यानं जरा रूप आलंय.”

बाई काही बोलणार तोच दादांना कल्पना सुचली. ती सुचल्याचं त्यांच्या तोंडावरच दिसलं. ते यजमानांकडे वळले. बाईंकडे नाही.

“असं कर, हा संच माझ्याकडे पाठव. माझा हॉल मोठा आहे, तिथे कसा छान बसेल! कुठलीही वस्तू जागा असेल तिथेच शोभते. तुम्ही दोघं येत जा की रविवारी ऐकायला. आपलंच घर आहे. काय?”

आणि यजमानांनी मान हलवली.

फार नाही, जराशीच. होकार म्हणावा इतकीही नाही, दादा बोलले की ती आपोआप हलायची तशी. पण बाईंनी ती पाहिली. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.  बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यभर बोलण्याचीच नोकरी केलेल्या त्या बाईच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या. बाहेर दादा सांगत होते, “बघ, तिलाही पटलंय.”

दुसऱ्या दिवशी यजमान कामावर गेले. बाईंनी रजा टाकली आणि बसस्थानक गाठलं, पण खोलीत न जाता थेट हमालांच्या अड्ड्यावर. तिथल्या म्होरक्याशी त्यांची जुनी ओळख होती. तो टेम्पो आणि चार गडी घेऊन हजर झाला.

“घर बदलताय की काय, सूचनाबाई?”

“घर तेच. ज्याचं सामान त्याच्याकडे चाललंय.”

सोफा दारातून निघेना. आडवा केला, उभा केला, शेवटी पाय काढले तेव्हा एकदाचा बाहेर पडला. शोकेस तीन भागांत सुटी केली. बाईंनी ढाली नि चषक एका चादरीत बांधले, घड्याळ खोचलं, काचेची बाहुली दोन गाद्यांच्या मधे कोंबली. काही गुंडाळलं नाही, काही जपलं नाही. हात भराभर चालत होते आणि तोंड त्याहून भराभर. आता आवाज फुटला होता. “रूप आलंय म्हणे! धूळ आलीय, धूळ! पुसून बघा म्हणावं एकदा!” हमाल खाली बघून हसत होते.

टेम्पो निघाल्यावर त्यांनी दादांना फोन लावला.

“भाऊजी, दार उघडं ठेवा. तुमचं सामान निघालंय.”

“कसलं सामान? कुणी सांगितलं?”

“तुम्हीच सांगितलंत. वस्तू जागा असेल तिथेच शोभते.”

पलीकडून काही यायच्या आत त्यांनी फोन आपटला.   हे इतकं सोपं होतं आणि आपण इतकी वर्षं फडकं मारत बसलो, या संतापानं.

संध्याकाळी यजमानांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. त्यांना आधी चोरीच वाटली. स्पीकर परत भरलेली खोकी आणि भिंतीला टेकवलेला टीव्ही सोडला तर खोलीत काही नव्हतं. समोरच्या भिंतीवर शोकेसच्या आकाराचा जुन्या रंगाचा ठसा, कोपऱ्यात जळमटं, फरशीवर मुलीचा लहानपणचा कंगवा.

“दादाचा फोन आला होता ऑफिसात,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर बोलला मला.”

“तुम्ही काय बोललात?”

“मी काय बोलणार? मला ठाऊक तरी होतं का? मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर काय केलं असतंत?”

यजमान खोक्यावर बसायला गेले, मग ते कुणाचं आहे हे आठवून जमिनीवर बसले. “तुला कळत नाही. आमचे बाबा गेले तेव्हा दादानं स्वतःचं शिक्षण सोडून मला शिकवलं. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, तुझा सोफा उचल म्हणून?”

“कळतं मला. लग्न झाल्यापासून ऐकतेय. तुम्ही रोज त्यांचे पाय धरा, मी आड येणार नाही. पण शिकलात तुम्ही, आणि माझ्या खोलीत त्यांचा सोफा मी सांभाळायचा, हा कुठला न्याय?”

“एका सोफ्यावरून एवढं?”

“सोफ्यावरून नाही.” बाईंचा आवाज चढला. खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली असतील, बघोत. “माझी वस्तू त्यांनी माझ्यासमोर तुमच्याकडे मागितली. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे! आणि तुम्ही मान डोलावलीत. काल एकदा, एकदाच माझ्या बाजूनं मान हलवली असतीत ना, तर मी ते कपाटातलं गुदमरलेलं बोलणं जन्मभर ऐकत बसले असते. तक्रार केली नसती.”

यजमान उठून हातपाय धुवायला गेले. रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली. घरात दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये सात माणसांच्या बसण्याइतकी रिकामी जागा.

त्या आठवड्यात जाऊबाई आल्या. एकट्याच, आणि तणतणत. चपला काढायच्या आधीच पिशवीतून रुमालाची गुंडाळी काढून त्यांनी बाईंसमोर धरली. आत काचेची बाहुली होती. मान मोडलेली.

“हे काय केलंस?”

बाईंनी कंबर कसली होती ती दादांसाठी. सोफ्याबद्दल, मानपानाबद्दल, मोठ्यांशी कसं वागावं याबद्दल जे जे ऐकावं लागेल त्याची उत्तरं त्यांनी पाठ करून ठेवली होती. बाहुलीचं त्यात काही नव्हतं.

“माझ्या आईनं दिली होती ही. तिनं दिलेली एवढी एकच वस्तू राहिली होती माझ्याजवळ. तुझं भांडण त्यांच्याशी होतं ना? माझ्या बाहुलीनं काय घोडं मारलं होतं तुझं?”

“वहिनी…” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. सोफ्याबद्दल त्या कुणाचीही माफी मागणार नव्हत्या, दादांची तर मुळीच नाही. पण हे वेगळं होतं. “हिच्या बाबतीत माझं चुकलं. रागात काही सुचलं नाही मला. ठेवलीही नाही, कोंबली मी. माफ करा.”

जाऊबाईंना बहुधा भांडण हवं होतं. माफी मिळाल्यावर त्यांचा तोलच गेला. त्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

“पण मग इतकी जिवाची होती तर इथे कशाला ठेवलीत?” बाईंच्या तोंडून गेलंच.

“मी ठेवली?” जाऊबाईंनी बाईंकडे रोखून पाहिलं. “मी कशाला ठेवीन दुसऱ्याच्या घरात? नव्या हॉलमध्ये ती विजोड दिसते, म्हणाले. एवढा मोठा हॉल! त्यात वीतभर बाहुलीला जागा नव्हती. मी चार वेळा कोपऱ्यात ठेवली, चार वेळा त्यांनी उचलून आत टाकली. शेवटी म्हणाले, तिकडे शोकेसमध्ये दे, तिथे शोभेल.”  त्या रडल्या नाहीत, दात आवळून बसल्या. “दर वेळी आले की आधी तिच्याकडे बघायची मी. तुला वाटायचं, मी धूळ तपासतेय.”

बाईंना तसंच वाटायचं. इतकी वर्षं वाटत होतं.

दोघी बराच वेळ बोलत बसल्या. म्हणजे बोलल्या कमी, संतापल्या जास्त. एकीचा राग ओसरला की दुसरी तिला नव्या कशाची तरी आठवण करून द्यायची. बाईंनी घट्ट चिकटणारा गोंद काढला. मान बसली, पण किंचित वाकडी. जाऊबाईंनी बाहुली पुन्हा रुमालात गुंडाळली.

“आता कुठे ठेवणार?”

“हॉलमध्ये. तू पाठवलेल्या त्या सोफ्यामुळे आता तसंही तिथे काही शोभत नाही. चालायला वाट नाही राहिली. बघू कसं उचलतात ते.”

फिटरला बाईंनी पुन्हा बोलावलं. या वेळी तो दारातूनच “वा!” म्हणाला. बाईंनी सुताराकडून एक लांबट, बुटकं बाक करून घेतलं होतं. पाठ नाही, दारं नाहीत, काच तर औषधालाही नाही. टीव्ही भिंतीवर चढला, सरळ समोर बघायला लागला. मधला स्पीकर त्याच्याखाली, बाकाच्या अगदी पुढच्या काठावर. डावा-उजवा दोन बाजूंना, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर. रिसीव्हर बाकावर उघडा, ऐसपैस. मागचे दोन भिंतीवर, डोक्याच्या जरा वर.

वूफरनं मात्र छळलं. कोपऱ्यात ठेवला तर घुमायला लागला, जणू कुणी पिंप बडवतंय. दाराजवळ ठेवला तर आवाजच मिळमिळीत. फिटर म्हणाला, याची एक युक्ती आहे. वूफर बसायच्या जागी ठेवायचा, चालू करायचा आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत ऐकत जायचं. जिथे आवाज नेमका वाटेल तिथे मग त्याला बसवायचं.

“रांगायचं?”

“गुडघ्यांवर. कान खाली पाहिजे ना.”

बाईंनी बाह्या सारल्या आणि गुडघे टेकले. यजमान स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढ्यावर आलं होतं. बाई भिंतीच्या कडेनं रांगत होत्या, मधेच थांबत होत्या, कान फरशीशी नेत होत्या. गुडघे दुखत होते आणि प्रत्येक पावलाला साहेब, दादा, तो संगणक, कुणी ना कुणी आठवत होतं. खिडकीखाली आल्यावर त्या थांबल्या.

“इथे.”

“तिथे घुमतंय,” यजमान दारातून म्हणाले.

“तुम्ही उभे आहात. उभ्यानं काय कळणार?”

यजमानांनी इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांनीही गुडघे टेकले आणि रांगत खिडकीपर्यंत आले. फिटर वायरी आवरायचं निमित्त करून पाठमोरा झाला.

“इथेच,” यजमान फरशीशी कान नेऊन म्हणाले. “बरोबर आहे तुझं.”

बाई हसल्या नाहीत. “एवढं म्हणायला गुडघे टेकावे लागले,” असं पुटपुटल्या आणि उठल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी एका बाईचं कथावाचन लावलं. चित्र नाही, नुसता आवाज. पहिल्या वाक्याआधी तिनं श्वास घेतला, तो खोलीत ऐकू आला. मग ती बोलायला लागली आणि बाई ताठ बसून ऐकत राहिल्या. शब्दाच्या शेवटी ती आवाज कसा सोडते, कुठे रेंगाळते, सगळं कळत होतं. इतकं सुख झालं की त्याच्या पोटातूनच पुन्हा राग उसळला. आपणही असाच श्वास घ्यायचो. असंच एकेक गावाचं नाव जपून उच्चारायचो. आणि लोकांनी काय ऐकलं? खरखर! एवढंच तर हवं होतं, एक बरा स्पीकर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रागानंच पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. संगणक ज्या गावांच्या नावांची वाट लावतो ती सगळी नावं त्यांनी तिथेच, नीट, मोठ्यानं म्हणून दाखवली. बाहेर माणसं थांबून ऐकायला लागली. साहेब म्हणाले, वर कळवतो. वरून काही आलं नाही. बाई दर सोमवारी जातात, साहेब दर सोमवारी ‘कळवतो’ म्हणतात.

दादा त्यानंतर त्यांच्याकडे आले नाहीत. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला बोलावणं आलं ते एकट्या यजमानांना. बाईंनी त्यांना इस्त्रीचे कपडे काढून दिले आणि जा म्हणाल्या. यजमान दर रविवारी भावाला भेटून येतात. कधी तोंड पाडून येतात, कधी घुश्शात. भांडतात की काय कोण जाणे, सांगत नाहीत आणि बाई विचारत नाहीत.

परवाही असेच आले. आल्या आल्या धुमसतच खोलीत शिरले आणि भिंतीला टेकून बसले. बाईंचं ऐकणं चालू होतं. त्यांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं मात्र राहवेना.

“तिथे नका बसू,” त्या खेकसल्या. “तिथून मागचं काही ऐकू येत नाही. इकडे सरका.”

यजमान सरकले.